फक्कीचा चौकोन

उपासना संपली होती. एस्तर चर्चच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती, तेव्हा तिला आवाराच्या मागच्या कोपऱ्यात एक अनोळखी माणूस दिसला. त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेला, आणि तो वाकून उलटा चालत जमिनीवर फक्कीची रेघ ओढत होता. एक रेघ भिंतीला धरून, दुसरी तिच्याशी काटकोनात, मग तिसरी, चौथी. काळ्या मातीवर पांढरा चौकोन पूर्ण झाला तसा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि पीटीचे सर मैदानाकडे बघतात तसा त्या चौकोनाकडे बघू लागला. एस्तरच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत एकदम भार आला. दोन-सव्वादोन किलोचा. हा भार अधूनमधून यायचा, बसमध्ये, भांडी घासताना, कुणाच्या लग्नात पंगतीला बसलेलं असताना. पण या आवारात, रविवारी, उजेडात तो कधी आला नव्हता. तिने हात झटकला नाही. तसाच पोटाशी धरून बसून राहिली.

"सिस्टर, झालं बघा एकदाचं!" प्रियांका धावतच आली. प्रियांका शाळेत शिकवायची आणि चर्चच्या मंडळीची सेक्रेटरी होती. तिशीतली, उत्साही, पर्समध्ये कायम मंडळीची फाईल. "मोबाईल टॉवरवाल्यांचे बालाजीभाऊ आलेत. तीस बाय तीसची जागा. महिन्याला बारा हजार भाडं, तीन वर्षांचं आगाऊ देतायत. छताचं सगळं त्यात निघतं, वर पाळकांच्या मानधनाचीही सोय. चर्चच्या वरच्या सभेची परवानगी पण आली काल." एस्तरने विचारलं, "खोल किती खणतात गं?" प्रियांका हसली. "खोल? आठ-दहा फूट असेल पायासाठी. का हो?" "काही नाही," एस्तर म्हणाली. "असंच." आणि तिच्या लक्षात आलं की आपण चौकोनाकडे बघतच नाही आहोत, आपण पुढे फाटकाकडे चाललेल्या बायनाबाईच्या पाठीकडे बघतो आहोत. साठीची बायनाबाई हिरवं लुगडं सावरत, एका पायाने किंचित ओढत चालली होती. कोपऱ्याजवळून जाताना तिने फक्कीकडे पाहिलं, आणि बालाजीला "राम राम" करून ती बाहेर पडली.

पूर्णेच्या त्या चर्चमध्ये एके काळी बसायला जागा नसायची. निजामाच्या रेल्वेच्या वेळचं चर्च. गार्ड, फायरमन, खलाशी, मिशनच्या शाळेतले मास्तर, सगळ्यांची घरं मिळून शंभरावर. एस्तरचे वडील दत्तराव मास्तर प्रमुख पंच होते तेव्हा सणाला लोक खिडक्यांशी उभे राहून गाणी म्हणत. मग रेल्वेची कामं दुसरीकडे गेली, शिकलेली पोरं पुण्याला गेली, आणि आता एकोणीस घरं उरली. पाळक नांदेडहून एकाआड एक रविवारी रेल्वेने यायचे. जुलैत वादळात मागचे दोन पत्रे उडाले, आणि पत्रे बसवायला वर चढलेल्या मिस्त्रीने खाली उतरून सांगितलं की वासे वाळवीने खाल्लेत, सगळंच उतरवावं लागेल. तीन-साडेतीन लाख. तेव्हापासून मंडळीत दुसरा विषय नव्हता. कापणीच्या सणाला वेदीपुढे भोपळे, उसाच्या मोळ्या, ज्वारीची कणसं, एक कोंबडी, सगळं मांडून लिलाव केला, तर लिंबाजीरावांनी, म्हणजे रिटायर गार्डसाहेबांनी, स्वतः आणलेला भोपळा स्वतःच सहाशे रुपयांना घेतला. "आपलाच भोपळा आपल्यालाच इकायचा आन् आपणच घ्यायचा, हे काय फंड उभारणं हाय का?" ते म्हणाले, आणि सगळे हसले, आणि हसून झाल्यावर गप्प झाले. प्रियांकाने दानाच्या पिशवीवर मोबाईलने पैसे पाठवायचा कागद चिकटवला. त्यातून आलेला पहिला पैसा म्हणजे तिनेच तपासायला पाठवलेला एक रुपया. बाजारातल्या कापडवाल्याकडे वर्गणीचं पुस्तक घेऊन गेलं तर तो मोकळेपणाने म्हणाला, "तुमाला तर बाहेरून येतात ना पैसे? आमालाच द्या की काही." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ते खरं आहे असंच त्याला वाटत होतं.

त्या रविवारपर्यंत एस्तर या सगळ्यात होती आणि नव्हती. छप्पन वर्षांची, गेल्या साली गुडघ्यांमुळे नर्सची नोकरी लवकर सोडलेली, लग्न न केलेली, वडिलांच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. बैठकीत ती मागे बसायची आणि हात वर करायच्या वेळी हात वर करायची. पण फक्कीचा चौकोन पाहिल्यापासून तिला काहीतरी झालं. सोमवारी सकाळीच ती प्रियांकाकडे गेली. "टॉवर नको आपल्याला. देवाच्या आवारात लोखंड कशाला? मी गोळा करते पैसे." प्रियांका अवाक् झाली, पण पंचांनी जानेवारीपर्यंत थांबायचं ठरवलं. आणि एस्तरने खरंच कंबर कसली. पहाटे उठून धपाटे थापायचे, वर लसणाची चटणी, आणि स्टेशनबाहेर डबा घेऊन बसायचं. पन्नास वर्षांचं सरळ ताठ वागणं मोडून ती "घ्या, गरम आहेत" म्हणायला शिकली. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं होतं त्यांच्या दवाखान्यांत जाऊन बाकावर पेशंटसारखी बसली. पुण्याच्या मोठ्या मंडळीला चार पानी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, फार प्रेमळ, सोबत प्रार्थनेचं आश्वासन. नाताळच्या गाण्यांना ती कधी जात नसे, या वर्षी पोरांच्या पुढे झाली आणि रेल्वे क्वार्टरच्या दारोदार उभी राहून गायली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले साठ हजार तिने प्रियांकाच्या हातावर ठेवले तेव्हा प्रियांकाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी पाळकांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं. "आपल्या सिस्टरांसारखा विश्वास." दोन बाकं पुढे बसलेली बायनाबाई मागे वळली, आणि तिच्याकडे बघून तोंडभर हसली. एस्तरला वाटलं, उठून बाहेर जावं आणि जाऊन रुळावर बसावं.

कारण ती काय करत होती हे तिचं तिलाच माहीत होतं. ती एक खड्डा पडू नये म्हणून धपाटे विकत होती. लोक जिला भक्ती म्हणत होते ती भीती होती, आणि ती भीती इतकी जुनी होती की तिला वडिलांच्या घरातल्या इतर वस्तूंसारखं स्वतःचं एक ठिकाण मिळालं होतं. साल त्र्याण्णव. ईस्टर होऊन दहा दिवस झाले होते, बुधवार होता. स्टेशनजवळच्या नर्सिंग होममध्ये ती वर्षभरापूर्वी लागली होती. ते कधीच बंद पडलं. आता खाली मोबाईलची दुकानं आणि वर लॉज आहे. सकाळी अकराला पालमकडच्या एका खेड्यातून आलेली बाई बाळंत झाली. नवरा आश्रुबा, रेल्वेत गँगमन. दोघं नुकतेच मंडळीत यायला लागले होते, मागच्या बाकावर अंग चोरून बसायचे, अजून बाप्तिस्मा झालेला नव्हता. आठव्या महिन्यातलंच बाळंतपण. रक्त थांबेना. डॉक्टर ओरडले, "ते सोड, बाई वाचव!" आणि एस्तरने सोडलं नाही, तिने ते बाळ डाव्या हाताच्या घडीत धरलं आणि उजव्या मुठीने आईचं ओटीपोट दाबत राहिली. किती वेळ? भिंतीवरचं घड्याळ समोर होतं. ओटीपोट दाबताना वेळ बघायला तिला शिकवलं होतं, म्हणून ती बघत होती. आई वाचली. डॉक्टरांनी हात धुतले, कागदावर 'मृत जन्म' लिहिलं आणि ते जेवायला गेले. आया बादली घेऊन आली. "आना सिस्टर." एस्तर म्हणाली, "ठेव ती खाली. मी येते."

दुपारी ती घरी गेली. वडील जेवत होते. ताटात भाकरी, आंबाडीची भाजी, बाजूला पाण्याचा तांब्या, सगळं नेहमीच्या जागी. तिने विचारलं, आश्रुबाचं मूल आहे, आपल्या दफनभूमीत जागा मिळेल का. मास्तरांनी घास गिळला. "आईबापाचा बाप्तिस्मा नाही. मुलाचा नाही. कसं देता येईल?" तिने म्हटलं, बाबा, ते एवढंसं आहे. ते म्हणाले, "नियम लहानांना वेगळा आणि मोठ्यांना वेगळा, असं केलं की मग नियम राहत नाही, एस्तर." ते वाईट माणूस नव्हते. दुष्काळाच्या वर्षी स्वतःच्या पगारातून त्यांनी सात घरं जगवली होती. त्यांनी आणखी अर्धी भाकरी घेतली आणि ती मोडताना तिला विचारलं, "तू जेवलीस का?" हा प्रश्न तिला अजून ऐकू येतो. ती परत गेली. तिने डब्याच्या पिशवीतून डबा काढून खिडकीत ठेवला, बाळाला दवाखान्याच्या धुतलेल्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि बाहेर पडली. दोन वाजून गेले होते. एप्रिलमधली ती वेळ, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. घरांची दारं लोटलेली, आणि स्वतःच्या पावलांचा आवाज आपल्या मागून कुणी येत असल्यासारखा. चर्चच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, काळी जमीन उन्हाने फाटली होती. भेगा इतक्या खोल की आत काठी जावी. तिने सर्वांत रुंद भेगेशी गुडघे टेकले, माळ्याच्या खुरप्याने ती रुंद केली, खोल केली, कोपरापर्यंत हात घातला. आतली माती गार होती. एवढ्या उन्हात इतकी गार माती, याचं तिला तेव्हाही आश्चर्य वाटलं होतं. प्रार्थना आठवेना. प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि "आमची रोजची भाकर" पाशी थांबली, पुढे जाववेना. संध्याकाळी आश्रुबा धावत आला. "झालं का समदं, सिस्टर?" "झालं." त्याने हात जोडले. त्याला बरं वाटलं होतं. पुढे काही विचारलं नाही त्याने, मरेपर्यंत नाही.

एस्तर आधी वडिलांच्या भीतीने गप्प राहिली. पुढच्या वर्षी आश्रुबा आणि बायनाबाईचा बाप्तिस्मा झाला, मास्तरांनीच त्यांना मंडळीपुढे उभं केलं; मग लाजेने गप्प राहिली. मग बायनाबाईला दोन मुलं झाली, धडधाकट, आणि आता जुनं कशाला उकरायचं असं म्हणता येऊ लागलं. मग वडील गेले, त्यांना दफनभूमीत चांगली दगडी जागा मिळाली, आणि तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर गप्प राहणं हे तिचं हाडच झालं होतं. ती दर रविवारी उपासनेनंतर मागच्या कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारायची. लोकांना वाटायचं, गुडघे मोकळे करते.

जानेवारीत प्रियांकाने सगळं जमेला धरलं. एस्तरचे साठ हजार, धपाटे, लिलाव, नाताळ, सगळं मिळून एक लाख दहा हजार. पंचांच्या बैठकीत लिंबाजीराव हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, तुमी लय केलं. पर आता पावसाळ्याच्या आदी छत न्हाई झालं तर हे चर्च ऱ्हात न्हाई. आन् दर महिन्याचे बारा हजार धपाट्यातून कसे काढताव?" प्रियांकाने ठराव लिहिला. खोदकाम पंधरा दिवसांनी. एस्तरने हात वर केला नाही, पण "नाही" असंही म्हणाली नाही. घरी येऊन ती ओट्यावर बसली तेव्हा डावा हात पार सुन्न होता. तिला जेसीबीचा पंजा दिसू लागला. डोळे मिटले तरी, उघडले तरी. पंजा खाली जातो, वर येतो, दातांत माती, मातीत चादरीचा तुकडा. आणि भोवती उभी असलेली एकोणीस घरं. आणि बायनाबाई, तीही बघायला आलेली, कमरेवर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बायनाबाईकडे गेली. बायनाबाई अंगणात सुपात ज्वारी पाखडत होती. सून कामावर, घरात कुणी नाही. "या सिस्टर, बसा. च्या टाकू का?" "नको." एस्तर खाटेच्या कडेवर बसली. "बायनाबाई, तुमच्या पहिल्या खेपेचं सांगायचंय." सूप थांबलं नाही. एस्तर सांगत गेली. भेग, खुरपं, पिशवी, वडिलांचं ताट, सगळं. तिचा आवाज दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना सांगताना असायचा तसा, एकसारखा, आणि त्याची तिला किळस आली. ज्वारी वर जात होती, खाली येत होती, कोंडा उडून बायनाबाईच्या पायांशी बसत होता. सांगून संपल्यावरही बायनाबाई बराच वेळ पाखडत राहिली. मग सूप खाली ठेवलं.

"म्या काय समजत व्हते, सांगू का?" ती म्हणाली. "त्या दवाखान्याच्या मागं उकिरडा व्हता. आया बादली तिथंच उपडी करायची. म्या पोटुशी आस्ताना, तपासायला यायचे तवा डोळ्यानं बघितलं व्हतं. डुकरं आन् कुत्री. बत्तीस वर्सं म्या त्या रस्त्यानं गेले न्हाई, सिस्टर. बाजाराला जायचं तर रेल्वेच्या फाटकाकडनं वळसा. सुना म्हनत्यात, म्हातारीला याड लागलंय."

एस्तरला तो वळसा माहीत होता. कितीदा तिने बायनाबाईला उन्हातान्हात, डोक्यावर बोचकं, पाय ओढत फाटकाकडून येताना पाहिलं होतं. तिकडे कुणी ओळखीचं राहत असेल असं वाटायचं. पुढे कधी विचार केला नव्हता.

"आन् तुमी," बायनाबाई म्हणाली, अगदी हळू, रागावल्यासारखं नाहीच, एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तसं, "दर रव्वारी माझा हात हातात घेऊन मला 'प्रभूची शांती' म्हनत व्हताव."

अंगणातून एक कोंबडी येऊन सुपाशी टोचू लागली, तिला कुणी हाकललं नाही.

"पोरगी का पोरगं?"

"मुलगी."

"क्यास व्हते का?"

"होते. पुष्कळ होते."

बायनाबाईने मान हलवली. "माझ्या सगळ्याच लेकरांना व्हते," ती म्हणाली आणि उठून आत गेली. एस्तर बसून राहिली. आतून भांड्याचा आवाज आला नाही, रडण्याचा आला नाही, काहीच आलं नाही. शेवटी ती उठली. रस्त्याला लागल्यावर तिला जाणवलं की तिने सगळं सांगितलं आणि एक सांगितलं नाही. ते बाळ मेलेलं जन्मलं नव्हतं. त्याने श्वास घेतला होता, बारीक, बेडकाच्या गळ्यासारखा, तिच्या कोपराच्या घडीत. आणि ती दुसऱ्या हाताने आईला धरून होती, आणि घड्याळ समोर होतं. त्या वेळात कुणीही, पाळकच पाहिजे असं नाही, ओंजळभर पाणी घेऊन त्या कपाळावर लावून बाप्तिस्मा देऊ शकलं असतं. पाण्याचं घमेलं हाताशी होतं. मग वडिलांना विचारावंच लागलं नसतं. हे तिला भाकरीच्या ताटासमोर उभी असतानाच सुचलं होतं, उशिरा, आणि त्यानंतर सुचायचं कधी थांबलं नव्हतं. जी गोष्ट बायनाबाईला हवी होती तीच तिने ठेवून घेतली होती.

रविवारी उपासनेनंतर बायनाबाई मंडळीपुढे उभी राहिली. ती कधी बोलायची नाही. तिने पाच-सहा वाक्यांत सांगितलं; एस्तरचं नाव घेतलं, पण दोष म्हणून नाही, जागा दाखवणारी म्हणून. मग लिंबाजीराव उठले. "मग टॉवर न्हाई. संपला इषय." प्रियांका फाईल छातीशी धरून रडायला लागली, कशासाठी ते तिलाही कळत नसावं. बायनाबाई म्हणाली, "न्हाई कसा? छप्पर पाहिजे की. खांदा. पर मशीन नगं. हातानं खांदा. सापडली तर आपल्या मान्सांत नेऊन ठिवू." आणि एस्तरकडे न बघता ती आपल्या जागी जाऊन बसली.

तीन दिवस खोदकाम चाललं. बालाजीने कुरकुर केली, पण चार मजूर लावले, कुदळी आणि फावडी. बायनाबाई रोज सकाळी चर्चमधली एक खुर्ची उचलून कडेला टाकायची आणि ऊन डोक्यावर येईतो, पुढे कलेपर्यंत बसून राहायची. एस्तर भिंतीशी उभी. पहिल्या दिवशी काळी माती, तिच्यात इंजिनातल्या कोळशाची राख, बाटलीचं बूड, गंजलेली बिजागरी. प्रत्येक वेळी फावडं थांबलं की एस्तर भिंतीपासून पुढे व्हायची आणि मजूर विटेचा तुकडा वर फेकायचा. दुसऱ्या दिवशी पाच फूट. माती बोटांनी चाळून बघायला बायनाबाई स्वतः ढिगाऱ्यावर बसली. तिसऱ्या दिवशी काळी माती संपली आणि खाली पिवळा मुरूम लागला, ज्याला कधी कुणी हात लावला नव्हता. त्याच्याखाली कुणी काही पुरलेलं नसतं, हे मजुरांना माहीत होतं. त्यांनी वर पाहिलं.

काही नव्हतं. एस्तरच्या डोक्यात हिशेब फिरू लागले. मध्यंतरीच्या पुरानंतर भिंत नव्याने बांधली, ती सरकली का? कोपरा हा की पलीकडचा, जिथे आता नळ आहे? ही माती दर उन्हाळ्यात फाटते, दर पावसाळ्यात मिटते, आतलं वर आणि वरचं आत करते. एवढीशी हाडं बत्तीस वर्षं राहतील कशी? ती नर्स होती, तिला हे सगळं सांगता आलं असतं. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी हलत होतं. भर दुपारचा रस्ता, पावलांचा आवाज, गार माती. हे मी केलं का? की मी बादली दिली, आणि मग इतक्या वर्षांत हळूहळू हे एवढं सगळं, खुरप्यासकट, करून ठेवलं? बायनाबाईने खुर्चीतून मान वळवली. "हितंच ना, सिस्टर?" एस्तरने तोंड उघडलं. "हो" म्हणायचं होतं. "मला वाटतं," ती म्हणाली. बायनाबाई तिच्याकडे बघत राहिली, मग मजुरांना म्हणाली, "टाका बाबांनो तुमचं लोखंड." संध्याकाळी सळ्या आल्या. आठवड्यात काँक्रीट भरलं, आगाऊ रकमेचा चेक आला, आणि मिस्त्रीने वासे उतरवायला सुरुवात केली.

पाळक आले त्या रविवारी छत अर्धं उघडं होतं. बाकांवर ऊन पडलं होतं आणि लोक सावलीच्या बाजूला दाटीने बसले होते. उपासनेनंतर बायनाबाई पाळकांपुढे जाऊन उभी राहिली. मंडळीचं मयतांचं रजिस्टर असतं, त्यात माझ्या पोरीचं नाव लिहा, ती म्हणाली. पाळक तरुण होते, मवाळ होते. त्यांनी कपाट उघडून रजिस्टर काढलं, टेबलावर ठेवलं आणि उघडायच्या आधी घसा साफ केला. "मावशी, अडचण अशी आहे, देह मिळालेला नाही. कागद नाही. आणि..." ते अडखळले. बायनाबाई म्हणाली, "लिवा." त्यांनी लिंबाजीरावांकडे पाहिलं. लिंबाजीराव म्हणाले, "लिवा की साहेब." सुरुवातीची पानं दत्तराव मास्तरांच्या अक्षरात होती, ठसठशीत, तिरपं न झालेलं अक्षर. पाळकांनी पानं उलटत नवीन ओळ काढली.

"नाव?"

"सगुणा."

"सगुणा..." पाळकांचं पेन थांबलं. "हे ख्रिस्ती नाव नाही, मावशी. म्हणजे चालेल, पण—"

"माझ्या आईचं नाव हाय," बायनाबाई म्हणाली. "आन् तिचा कुटं बाप्तिस्मा झालता?"

पाळकांनी मान खाली घातली आणि लिहिलं. सगुणा आश्रुबा खंदारे. तारीख विचारली, ती एस्तरने सांगितली, वार सांगितला. साक्षीदाराच्या रकान्यात सही करायला तिने पेन घेतलं, आणि सहीच्या आधी तिची नजर एका रिकाम्या चौकटीवर गेली. पाळकांनी तिथे नुसती आडवी रेघ ओढली होती. मृत जन्मलेल्या मुलांपुढे ओढतात तशी. तिला खड्ड्याची खात्री नव्हती. भिंतीची नव्हती, मातीची नव्हती, आता स्वतःच्या हातांचीही फारशी उरली नव्हती. पण घड्याळ तिच्या समोर होतं. अकरा वाजून पाच मिनिटांपासून अकरा पंचवीसपर्यंत ती त्या घड्याळाकडे बघत होती, आणि हे बत्तीस वर्षांत एकदाही हललं नव्हतं.

"वयाची रेघ खोडा," ती पाळकांना म्हणाली.

"म्हणजे?"

"वीस मिनिटं." तिने बायनाबाईकडे पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ. "ती जिवंत जन्मली होती, बायनाबाई. वीस मिनिटं होती. माझ्या हातात होती. मी तिच्यासाठी काही केलं नाही."

बायनाबाईने हात पुढे करून टेबलाची कड धरली. पाळक खुर्ची आणायला वळले, तिने नको म्हटलं.

"रडली का?"

"नाही. डोळे उघडले होते."

"म्या कुटं व्हते?"

"तिथेच. शेजारी. तुमच्याच पोटावर माझा दुसरा हात होता."

वर मिस्त्रीची माणसं रविवार असल्यामुळे नव्हती. उघड्या छतातून आकाश दिसत होतं आणि त्यात टॉवरचा पहिला सांगाडा. बायनाबाई कितीतरी वेळ एस्तरकडे बघत राहिली. त्या बघण्यात माफी नव्हती. एस्तरने ती शोधलीही नाही.

"म्हंजी जगली म्हना की," बायनाबाई शेवटी म्हणाली, स्वतःशीच, तोंडात नवीन शब्द धरून बघावा तशी. "जगून गेली." मग ती पाळकांकडे वळली आणि तिने बोट रकान्यावर नेमकं ठेवलं, लिहिता-वाचता येत नसतानाही नेमकं. "लिवा साहेब. पुसून लिवा. वीस मिन्टं."

पाळकांनी लिहिलं. एस्तरने खाली सही केली.